डीपीचा काटा आणि खारं पाणी : सुराबायाच्या हायड्रंटचं प्रकरण

विमानात इंधन भरण्याचं काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात हे प्रकरण सांगतो. १३ एप्रिल २०१० रोजी इंडोनेशियातल्या सुराबायाहून हाँगकाँगला निघालेल्या एका एअरबस ए-३३० विमानाची दोन्ही इंजिनं उतरायच्या वेळी वैमानिकांना जुमानेनाशी झाली. विमानात ३०९ प्रवासी आणि १३ कर्मचारी होते. सगळे जगले. हाँगकाँगच्या नागरी उड्डयन खात्याने तपास केला आणि जुलै २०१३ मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. इंजिनं निर्दोष होती. दोष होता तो सुराबायात भरलेल्या इंधनात, आणि त्याचं मूळ तिथल्या अ‍ॅप्रनखालच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या पटांगणाखालच्या नळात होतं.

अहवालात आलेली हकीकत आणि त्यावरची माझी मतं, असं हे लिखाण आहे. माणसांची आणि कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत. त्या जागी कोणीही असू शकलं असतं, मीसुद्धा.

पार्श्वभूमी : अ‍ॅप्रनखालची यंत्रणा

लहान विमानतळावर बाउझर येतो, म्हणजे इंधनाची टाकी असलेली गाडी. मोठ्या विमानतळावर जी गाडी विमानाच्या पंखाखाली उभी राहते तिच्यावर टाकीच नसते. इंधन येतं जमिनीखालून. विमानतळाच्या एका कडेला टाक्या असतात. तिथून पंप इंधन ढकलतात, आणि अ‍ॅप्रनच्या काँक्रीटखाली पसरलेल्या नळांच्या जाळ्यातून ते प्रत्येक पार्किंग बेपर्यंत पोचतं. तिथे जमिनीत झाकण असतं, झाकणाखाली पिट म्हणजे खड्डा, पिटमध्ये व्हॉल्व्ह. डिस्पेन्सर नावाची गाडी एका होजने, म्हणजे जाड नळीने, या व्हॉल्व्हला आणि दुसऱ्या होजने विमानाला जोडायची. गाडीवर फिल्टर, मीटर आणि दाब आवरणारे व्हॉल्व्ह असतात. या सगळ्याला आम्ही हायड्रंट म्हणतो.

यातलं बरंच काम आपोआप होतं. कुठल्या तरी बेवर भरणं सुरू झालं की लाइनमधला दाब उतरतो, आणि तो उतरला की टाक्यांजवळचा पंप स्वतःहून सुरू होतो. मागणी वाढली की दुसरा पंप लागतो. विमानाच्या तोंडाशी दाब ५० पीएसआयच्या वर जाऊ नये याची काळजी डिस्पेन्सरवरचे व्हॉल्व्ह घेतात. ऑपरेटरच्या हातात डेडमनची मूठ असते. ती दाबून धरली तरच इंधन वाहतं, सोडली की थांबतं. ऑपरेटर चक्कर येऊन पडला तरी इंधन सांडणार नाही.

पण ही यंत्रणा दाब आणि प्रवाह ओळखते. नळात काय वाहतंय ते ती ओळखत नाही. पंपाला पाणी आणि जेट ए-१, म्हणजे विमानाचं इंधन, यांतला फरक कळत नाही. ती जबाबदारी डिस्पेन्सरवरच्या फिल्टरवर आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसावर येते. हे प्रकरण त्या दोघांमधलं आहे.

फिल्टर मॉनिटर आणि डीपी

त्या काळात जगभरच्या बहुतेक डिस्पेन्सरवर फिल्टर मॉनिटर असत. एका मोठ्या लोखंडी भांड्यात साधारण दोन इंच जाडीच्या नळकांड्या उभ्या लावलेल्या. प्रत्येक नळकांडीत कचरा अडवणारे थर आणि त्यांच्यामध्ये पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचा एक थर. लहान बाळांच्या डायपरमध्ये असतो त्याच जातीचा हा पदार्थ, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. इंधनात पाणी आलं की तो फुगतो आणि वाट बंद करतो. पाणी जास्त असेल तर फिल्टर पूर्ण चोंदतो आणि विमानाकडे काहीच जात नाही. चांगलीच युक्ती होती ती. पाणी पुढे जाऊ देण्यापेक्षा इंधनच थांबवायचं.

मुलांना मी हे दोन स्टीलच्या पेल्यांत दाखवतो. डायपर फाडून आतले पांढरे दाणे दोन्ही पेल्यांत चमचा-चमचा टाकायचे. एकात नळाचं पाणी ओतायचं. मिनिटभरात साबुदाण्याच्या खिचडीसारखा घट्ट गोळा होतो, पेला उपडा केला तरी पडत नाही. दुसऱ्यात तेवढंच पाणी, पण मीठ घालून ढवळलेलं. दाणे अर्धवट फुगतात आणि पाणी तसंच हलत राहतं. मग पहिल्या पेल्यातल्या घट्ट गोळ्यावर मीठ भुरभुरायचं आणि थांबायचं. तो सुटतो, पाझरतो, पातळ होतो. मुलं गप्प होतात. खाऱ्या पाण्यापुढे या पॉलिमरची ताकद उरत नाही, एवढं त्यांना कळलं की पुढची गोष्ट सांगायला सोपी जाते.

दुसरी गोष्ट डीपीची. फिल्टरच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांतला फरक म्हणजे डीपी. फिल्टर तुंबत गेला की डीपी वाढतो. पण हा काटा प्रवाहाबरोबर हलतो. चहा गाळणीतून हळूहळू ओतला तर गाळणीत चोथा किती साचलाय ते कळत नाही, भसकन ओतला की ती तुंबलेली असल्याचं लगेच दिसतं. डीपीचंही तसंच आहे. कमी प्रवाहात काटा खाली दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून डीपीची नोंद प्रवाहासकट करायची, पूर्ण प्रवाहाच्या हिशेबात बदलून घ्यायची आणि आलेखावर मांडायची, असं जागतिक मार्गदर्शन सांगतं. आणि डीपी विनाकारण अचानक खाली आला तर तो चढण्याइतकाच काळजीचा. त्याचा अर्थ एखादी नळकांडी फाटली असेल किंवा जागेवरून सरकली असेल.

अडचण कुठून सुरू झाली

सुराबायाचा जुआंडा विमानतळ समुद्राच्या अगदी जवळ आहे. तिथल्या हायड्रंटचा विस्तार चालू होता. नवा नळ टाकून तो जुन्या चालू लाइनला जोडायचा होता. या कामाच्या काळात लाइनमध्ये खारं पाणी गेलं.

किनाऱ्यावरच्या विमानतळावर काम केलेल्याला याचं नवल वाटणार नाही. मुंबईत पावसाळ्यात पिटचं झाकण उघडलं की आधी आतलं पाणी उपसायचं आणि मगच कपलरला, म्हणजे होज जोडायच्या तोंडाला, हात लावायचा, हे अंगवळणी पडलेलं असतं. जमिनीत पाणी वरच असतं आणि किनाऱ्यालगत ते खारट असतं. खणलेल्या चरात ते झिरपतं, उघड्या नळाच्या तोंडात शिरतं. नवी मुंबईचा विमानतळ तर खाडीकाठच्या दलदलीवर भराव घालून उभा केलेला आहे. अशा ठिकाणी नळ उघडायची वेळ आली की पाणी आत गेलं आहे असंच धरून चालावं, आणि गेलेलं नाही हे सिद्ध करून दाखवावं.

नवीन किंवा उघडलेली लाइन पुन्हा चालू करण्याची पद्धत ठरलेली आहे. इंधन मोठ्या वेगाने फिरवायचं, म्हणजे तळाशी बसलेलं पाणी आणि गाळ उचलला जातो. याला फ्लशिंग म्हणतात. हळू फिरवलं तर पाणी नळाच्या तळाशी तसंच पडून राहतं आणि वरून स्वच्छ इंधन वाहत जातं. प्रत्येक खोलगट जागी असलेल्या ड्रेनमधून नमुने काढायचे. लाइन थोडा काळ थांबवायची, पुन्हा फिरवायची, पुन्हा नमुने. सगळीकडचे नमुने स्वच्छ येईपर्यंत हेच चालू ठेवायचं. मग कागदावर सही, आणि सही करणारा इंधनातला जाणकार हवा.

सुराबायात ही साखळी पूर्ण झाली नाही. लाइन पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या भागात खारं पाणी शिल्लक होतं.

पहिला निर्णय : लाइन सुरू करायची का

तिथल्या लोकांपुढे दोन वाटा होत्या. लाइन बंद ठेवून आणखी फ्लशिंग करायचं आणि तोवर त्या बेवरच्या विमानांना बाउझरने इंधन द्यायचं, किंवा झालं तेवढं पुरे म्हणून हायड्रंट चालू करायचा. बाउझरने भरणं त्रासाचं असतं. मोठ्या विमानाला एक गाडी पुरत नाही, माणसं जास्त लागतात, अ‍ॅप्रनवर गाड्यांची गर्दी होते, उड्डाणं लांबतात. त्यामुळे लाइन चालू झालेली सगळ्यांनाच हवी असते.

अहवालातलं एक कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लाइन पुन्हा चालू करण्याच्या कामात नीट समन्वय नव्हता आणि इंधनातल्या जाणकारांनी त्यावर पुरेशी देखरेख केली नाही, म्हणून हायड्रंट वेळेआधी सुरू झाला. यात वाईट हेतू कोणाचाच दिसत नाही. नळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने नळ गळत नाही म्हणजे काम झालं. हायड्रंट चालवणाऱ्याच्या दृष्टीने दाब टिकतोय म्हणजे लाइन ठीक. इंधन भरणाऱ्याला लाइन मिळाली, त्याने वापरली. प्रत्येकाने आपापल्या पुरतं ‘झालं’ म्हटलं, आणि आतलं पाणी तिघांच्या मधल्या जागेत राहून गेलं.

मी तिथे असतो तर थांबवलं असतं का? आज छातीठोकपणे हो म्हणता येतं. पण मागे विमानांची रांग लागलेली आणि वरिष्ठांचे फोन येत असताना ‘अजून एकदा फ्लश करू’ म्हणणं सोपं नसतं. म्हणून हा निर्णय एकट्या माणसाच्या धिटाईवर सोडू नये. कागदावर एक कुलूप हवं, आणि त्या कुलपाची किल्ली इंधनाच्या गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या माणसाकडेच हवी.

दुसरा निर्णय : फिल्टर बदलला, मग

हायड्रंट पुन्हा सुरू झाल्यावर डिस्पेन्सरचे फिल्टर मुदतीआधीच बदलावे लागले. एकदा नव्हे, अनेकदा. फिल्टर मॉनिटर एरवी महिनोन्‌महिने चालतात. इथे ते काही दिवसांत चोंदत होते.

या जागी मी वर्गात थांबतो आणि विचारतो, आता तुम्ही काय कराल? बहुतेक जण म्हणतात, नवीन बसवू. बरोबर आहे, बसवायलाच हवेत. सुराबायातही तेच केलं. चोंदलेले काढले, नवे घातले, गाडी पुन्हा कामाला लागली. जुने काढलेले फिल्टर कापून पाहणं, लाइनच्या ड्रेनमधून नमुने काढणं, लाइन बंद करून पुन्हा फ्लश करणं, यातलं काही करायला हवं होतं. पण इतक्या वेळा फिल्टर का बदलावे लागताहेत याची चौकशी ना इंधन पुरवठादाराने केली, ना हायड्रंट चालवणाऱ्याने. अहवालाने हे अपघाताच्या कारणांत नोंदवलं आहे.

मला या टप्प्याचं फार वाईट वाटतं. फिल्टरने आपलं काम केलं होतं. पाणी येतंय, असं तो एवढ्या स्पष्टपणे सांगत होता की त्याहून स्पष्ट तो सांगू शकत नाही. या घटकेला लाइन बंद केली असती तर नुकसान काय झालं असतं? काही उड्डाणांना उशीर, दोन-चार बाउझर जास्तीचे.

त्यात प्रवाह कमी ठेवून भरण्याची तिथली सवय आणि डीपीच्या नोंदी या दोन्ही गोष्टी उद्योगाच्या ताज्या मार्गदर्शनाला धरून नव्हत्या. कमी प्रवाहात काटा खाली राहतो, हे वर आलंच आहे. फिल्टर बिघडत असल्याचं दाखवणारं एकमेव घड्याळ म्हणजे डीपी, आणि तेच नीट वाचलं जात नव्हतं.

तिसरा निर्णय : होज थरथरतोय

१३ एप्रिलच्या सकाळी विमानात हायड्रंटमधून २४,४०० किलो इंधन भरलं गेलं, लिटरमध्ये साधारण तीस हजार. भरताना होज नेहमीपेक्षा वेगळा थरथरत होता.

ज्याने होज हाताळलाय त्याला हे कळेल. इंधन सरळ वाहत असताना होजला एक जिवंत, एकसारखी गुणगुण असते. हात ठेवला की तळव्याला जाणवते. ती तुटायला लागली, धक्के यायला लागले, की आत काहीतरी अडतंय आणि सुटतंय. लाइनमध्ये हवा असेल, दाब आवरणारा व्हॉल्व्ह धडधडत असेल, फिल्टर चोंदत असेल. कारण काहीही असो, अशा धक्क्यांचा मार आतल्या फिल्टरच्या नळकांड्यांवर बसतो. त्याच गाडीचे फिल्टर नंतर खराब झालेले आढळले.

मूठ सोडायची, विमानापासून होज काढायचा आणि कारण सापडेपर्यंत ती गाडी वापरायची नाही, हा एक पर्याय होता. थरथर तात्पुरती समजून पुढे चालू ठेवणं, हा दुसरा. अहवाल सांगतो की ही थरथर दिसल्यावर भरणं लगेच थांबवून तिचा नीट तपास झाला नाही.

मग नमुना घेतला गेला. काचेच्या बरणीत इंधन धरून उजेडात पाहायचं आणि पाण्याची चाचणी करायची. इंधन ‘क्लिअर अँड ब्राइट’, म्हणजे स्वच्छ आणि चकचकीत, पाणी नाही. हा निकाल खोटा नव्हता. बरणीत खरोखरच पाणी दिसण्याजोगं नव्हतं. पण इंधनात जे होतं ते म्हणजे पॉलिमरच्या बारीक गोल गोळ्या, ५ ते ३० मायक्रॉनच्या. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या गोळ्या डोळ्यांना दिसणार कशा? आणि पाण्याची चाचणी पाणीच शोधते. चाचणीचा निकाल चांगला आला की आधीची थरथर विसरायला होतं. हा मोह मी माझ्याही मनात ओळखतो.

चौथा निर्णय : आकाशात

विमान सकाळी ८ वाजून २४ मिनिटांनी सुराबायाहून उडालं. वर चढतानाच उजव्या इंजिनाचे आकडे हेलकावे खात होते. डाव्याचेही, पण थोडे कमी. ३९,००० फुटांवर पोचल्यावर पडद्यावर सूचना आली, उजव्या इंजिनाच्या नियंत्रण यंत्रणेत दोष, जोर एकदम बदलू नका. वैमानिकांनी कंपनीच्या मेंटेनन्स केंद्राशी बोलून घेतलं. बाकीचे सगळे आकडे ठीक होते. हाती असलेल्या कार्यपद्धतीनुसार पुढे जायला हरकत नव्हती. पुढे तासाभराहून अधिक वेळाने तीच सूचना पुन्हा आली, पुन्हा बोलणं झालं. ते पुढे गेले.

हा निर्णय चुकला असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. दोन्ही इंजिनांत एकच इंधन आहे आणि तेच बिघडलेलं आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. सुराबायात फिल्टर चोंदताहेत हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ती माहिती जमिनीवर होती आणि जमिनीवरच राहिली. कॉकपिटमध्ये त्यांच्यापुढे फक्त एक इंजिन थोडं कुरकुरत होतं.

हाँगकाँगच्या वेळेप्रमाणे दुपारी एकच्या सुमारास विमान खाली यायला लागलं. १ वाजून १९ मिनिटांच्या आसपास, तेवीस हजार फुटांच्या आगेमागे, दोन्ही इंजिनांबद्दलचे इशारे पाठोपाठ आले. डाव्याच्या नियंत्रणात दोष, उजव्यात स्टॉल, म्हणजे आतल्या हवेचा प्रवाह बिघडलेला. वैमानिकांनी आधी ‘पॅन पॅन’ म्हणजे तातडीचा आणि मग डावंही बिघडल्यावर ‘मेडे’ म्हणजे जिवावरच्या संकटाचा संदेश जाहीर केला. तेव्हा विमानतळ साधारण ४५ सागरी मैलांवर होता आणि खाली समुद्र. उजवं इंजिन नाममात्र फिरत होतं, १७ टक्क्यांवर. डावं आधी वर येईना, आणि आलं ते ७० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच अडकलं. लिव्हर मागे ओढली तरी कमी होईना.

हा जोर होता म्हणून ते धावपट्टीपर्यंत पोचले, आणि हाच जोर होता म्हणून वेग कमी करता येत नव्हता. १ वाजून ४३ मिनिटांनी विमान २३१ नॉटच्या वेगाने टेकलं, म्हणजे ताशी ४२८ किलोमीटर. नेहमीपेक्षा हे जवळजवळ ९० नॉटनी जास्त. ते उसळलं, कललं, डाव्या इंजिनाचं खालचं आवरण धावपट्टीला घासलं. ३,८०० मीटरची धावपट्टी संपायला ३०९ मीटर उरले असताना ते थांबलं. ब्रेक तापून लाल झालेले, पाच टायर बसलेले, आणि डावं इंजिन अजूनही जोरात चालू.

खाली चाकांजवळ धूर आणि आग दिसत असल्याचं अग्निशमन दलाने कळवल्यावर कप्तानाने विमान रिकामं करायचा हुकूम दिला. घसरगुंड्यांवरून उतरताना माणसं जखमी होतात हे त्याला ठाऊक असणार, आणि तशी ती झालीही. ५७ प्रवासी आणि केबिनमधले ६ कर्मचारी जखमी झाले. बहुतेकांच्या जखमा किरकोळ होत्या, एका प्रवाशाची हाडं मोडली. तापलेले ब्रेक आणि पंखांत उरलेलं इंधन असताना थांबून पाहणं हा पर्याय कोणाही कप्तानाने घेऊ नये.

तपासात काय निघालं

दोन्ही इंजिनांना इंधन मोजून देणारी यंत्रं उघडली गेली. त्यातल्या मुख्य व्हॉल्व्हची सरकणारी दांडी जागच्या जागी अडकली होती. दांडी आणि तिच्या बाहीमधल्या अतिशय अरुंद फटीत पॉलिमरच्या गोल गोळ्या घुसल्या होत्या. तशाच गोळ्या विमानाच्या टाक्यांत होत्या, आणि सुराबायातल्या त्या डिस्पेन्सरच्या फिल्टरमध्येही. फिल्टरमध्ये मिठाचा अंशही सापडला. पाणी अडवण्यासाठी फिल्टरमध्ये जो पदार्थ भरला होता तोच सुटून इंजिनात गेला होता.

दोन्ही इंजिनं एकाच वेळी बिघडण्याची शक्यता नगण्य धरून विमानशास्त्राने मोठमोठे हिशेब मांडलेले आहेत. ते हिशेब दोन्ही इंजिनं एकमेकांपासून स्वतंत्र असल्यावर उभे आहेत. इंधन मात्र दोघांचं एकच असतं.

परिणाम

अपघाताच्या वेळी विमानतळावरच्या इंधनपुरवठ्याच्या गुणवत्तेवर देखरेख कशी ठेवायची, किंवा ते भरणाऱ्यांना कोणतं प्रशिक्षण द्यायचं, याबद्दल आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचे बांधील नियमच नव्हते. वैमानिक, विमान, धावपट्टी, प्रत्येकाला नियम; इंधनाला मात्र उद्योगाने स्वतः बनवलेलं मार्गदर्शन, आणि तेही जो पाळील त्याच्यापुरतं. अहवालाने यावर बोट ठेवलं. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने जेट इंधनाच्या पुरवठ्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली.

फिल्टर मॉनिटरवरचा भरवसाही उतरत गेला. पुढच्या काही वर्षांत उद्योगाने हे पॉलिमरवाले फिल्टर टप्प्याटप्प्याने काढायचं ठरवलं. त्यांच्या जागी कचरा अडवणारा फिल्टर आणि सोबत पाणी ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर, किंवा पॉलिमर नसलेला नवा फिल्टर आला. हा बदल मला मनापासून पटतो. सेन्सर नळात पाणी आल्याचं सांगतो आणि यंत्रणा स्वतः प्रवाह थांबवते. वर्षानुवर्षं फक्त दाब ओळखणाऱ्या यंत्रणेला नळात काय वाहतंय तेही थोडंसं कळायला लागलं.

पण सेन्सरने फ्लशिंगची गरज संपत नाही. लाइनच्या खोलगट जागी बसलेलं पाणी सेन्सरपर्यंत येईतो तिथेच असतं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते निर्णायक जागा दुसरी होती. पहिल्या निर्णयात चूक होऊ शकते, नमुने चुकीच्या जागचे घेतले जाऊ शकतात, पाणी नजरेतून सुटू शकतं. पण फिल्टर पुन्हा पुन्हा चोंदायला लागल्यावर ती चूक झाल्याचं उघड दिसत होतं. तिथे एकाच ओळीचा नियम पुरला असता. नव्याने सुरू केलेल्या लाइनवर मुदतीआधी एक जरी फिल्टर बदलावा लागला तरी लाइन बंद, आणि काढलेला फिल्टर उघडून पाहिल्याशिवाय ती चालू होणार नाही. त्यासोबत विमान कंपन्यांनाही कळवायचं. सुराबायाची लाइन शंकास्पद आहे हे कॉकपिटमध्ये ठाऊक असतं तर आकाशातला चौथा निर्णय वेगळा झाला असता, असं मला वाटतं.

थरथरीच्या बाबतीत ऑपरेटरला दोष देणं मला अवघड जातं. थांबवायचा अधिकार कागदावर सगळ्यांनाच असतो. पण थांबवल्यावर उड्डाणाला उशीर का झाला हे त्यालाच विचारलं जाणार असेल तर तो अधिकार नसल्यासारखाच. नव्या मुलाने शंकेपोटी मूठ सोडली आणि शंका फुकट गेली, तर त्या दिवशी त्याची पाठ थोपटणारा सुपरवायझर हवा. मी हे करून पाहिलंय. पुढच्या वेळी तो मुलगा आणखी लवकर थांबतो.

आणि डीपीची नोंदवही. आमच्याकडे मी त्यात दोन रकाने वाढवून घेतले. डीपीच्या आकड्याशेजारी त्या वेळचा प्रवाह, आणि ‘फिल्टर बदलला’ याच्या पुढे ‘काढलेला फिल्टर कोणी उघडला, आत काय दिसलं’. दुसऱ्या रकान्यात पहिले काही आठवडे मुलं नुसती रेघ मारायची. मग एके दिवशी एकाने तिथे लिहिलं, ‘गंजाचे बारीक कण, पिट नंबरसह सुपरवायझरला कळवलं’. त्याच दुपारी त्या पिटचा ड्रेन उघडून आम्ही नमुना काढला.